रोमा नावाची मैत्रीण

“अवं कोन मेली माही चिंच घेऊन गेली वं! पुरं मडकं गेलं! मडक्याले का पाय फुटले?”

मोठीआई अंगणात उभी राहून ओरडत होती. मोठीआई ओरडली की सालेकसा स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नलची वाट न पाहता सुटत असे, बोडीतले मासे तळाला जात आणि शेजारचं रडतं पोर गप्प होई. यातलं मालगाडीचं जरा वाढवून सांगितलं आहे. माशांचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मडक्याला काही पाय फुटले नव्हते. ते गोठ्यामागे माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे होतं. पुढ्यात एक फुटकं गाडगं, गाडग्यात चिंचेचा कोळ, कोळात अकरा जुनी नाणी. उजव्या हातात नारळाची शेंडी, डाव्या हातात चुलीतली राख आणि विटेचा भुगा. घामानं थबथबलेली मी बारा वर्षांची पोरगी रोमच्या बादशहाचं नाक घासत बसले होते.

“सुले! अवं सुले! तुले दिसली का वं चिंच?”

“नाई!” मी गोठ्यामागून ओरडले. ते तिला ऐकू जाणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी ओरडले. बहिऱ्या माणसाशी खोटं बोलण्यात खरं तर काही मजा नसते, पण सवय कोणाला सुटते?

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि जाताना तो तिचे दोन्ही कान घेऊन गेला. स्वतःला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशी तिची पक्की समजूत होती, म्हणून “भात झाला” हे सुद्धा ती पलीकडच्या गावाला कळेल अशा आवाजात सांगे. तिचा नवरा, माझे मोठेबाबा, यांचं बरोबर उलटं. ते दिवसाला चार शब्द बोलत. पाचव्याची वेळ आली तर खोकून भागवत. आम्ही पोवार, आमचे वाडवडील माळव्यातून आले असं सगळे सांगतात, आणि मला खात्री आहे की मोठेबाबांचे पूर्वज माळव्यापासून इथपर्यंत एक अक्षर न बोलता चालत आले असतील. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे घरात माणसं तीन: एक ऐकू न येणारी, एक न बोलणारा, आणि तिसरी मी, जिच्या तोंडाला जन्मल्यापासून दार नव्हतं.

मी तिथे कशी आले ते सांगते. माझी आई मी दोन महिन्यांची असताना गेली. बाबा ट्रकवर होते. कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर त्यांची बाज टाकलेली असे. रायपूरकडून आले की एक झोप तिथे, नागपूरकडून आले की दुसरी. तान्ही पोर काही ट्रकच्या टपावर वाढत नाही, म्हणून त्यांनी मला भावाकडे आणून टाकलं. मोठीआईकडे दूध कुठलं? तिनं मला बकरीच्या दुधावर वाढवलं. नुसतं बकरीचं दूध वाटीचमच्यानं पाजलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मोठीआई सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की पोट्टीनं वाटी फेकून दिली आणि सरळ बकरीला तोंड लावलं. झालं. शाळेत माझं नाव पडलं ‘बकरीची सुली’. मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून “म्याँ” ऐकू यायचं. बाबा दोन-तीन महिन्यांतून एकदा बालुशाहीचा पुडा घेऊन यायचे, छपरीत बसून लाखोरीच्या डाळीसोबत भात खायचे आणि जाताना म्हणायचे, “पुढल्या बारीनं तुले नेतो.” ती पुढली बारी अजून यायची आहे. बाबाही गेले, ट्रकही गेला, ढाब्याच्या जागी आता मोठा पूल झाला आहे.

तर माणूस अशा घरात काय करेल? थापा मारेल. मी शाळेत सांगितलं की आमच्याकडे दोन डोक्यांची म्हैस आहे. एका डोक्यानं खाते, दुसऱ्यानं रवंथ करते, त्यामुळे तिचा वेळ वाया जात नाही. पाटलाची निर्मला म्हणाली, “चाल, दाखव.” मला तेच तर हवं होतं! ‘दाखव’ म्हणत का होईना, कोणी घरी यावं. आल्या चौघीजणी. म्हशीला एकच डोकं होतं, आणि त्याही डोक्यानं तिनं निर्मलाची रिबन खाल्ली. त्यानंतर मी पट्टेदार वाघ बोडीवर आंघोळ करताना पाहिला, रेल्वेच्या रुळावर हत्तीनं कान लावून गाडी किती वाजता येणार ते ऐकलं, मोहाची फुलं खाऊन कोल्ह्यांची वरात निघाली, हे सगळं सांगून पाहिलं. पण ‘दाखव’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. थापेचं असं असतं, ऐकणारा लागतो. आता मी गोंदियाजवळ मुर्रीला मुलाच्या घरी राहते. तीन खोल्या, दोन टीव्ही, प्रत्येकाच्या कानात मोबाइलची बोंडं घातलेली. म्हणून हे लिहायला घेतलं. कागद मधेच उठून जात नाही.

ती नाणी सापडली वैशाखात. आमच्या गावाची बोडी, म्हणजे लहान तलाव, कोहळी जातीच्या लोकांनी बांधलेली. तलाव बांधावा तर कोहळ्यांनीच, असं आमच्या भागात म्हणतात. वैशाखात ती आटली की लोक तिचा गाळ काढून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नेऊन टाकत. मोठेबाबा गाळाची बंडी हाकत होते आणि मी बंडीच्या मागे लोंबकळत, बैलांना हत्तीची गोष्ट सांगत होते. चाकाखाली काही तरी ‘कट्’ झालं. उतरून पाहिलं तर मातीचं मुठीएवढं गाडगं फुटलेलं, आणि त्यातून एक हिरवागार गोळा बाहेर आलेला. मोठेबाबांनी तो दगडावर हलकेच आपटला, पुन्हा आपटला, तसे त्याचे अकरा तुकडे झाले. अकरा नाणी. प्रत्येक मोठ्या चिंचोक्याएवढं. त्यांनी एक उचलून उन्हात धरलं, अंगठ्यानं पुसलं, वळवून पाहिलं, आणि सगळी माझ्या ओच्यात टाकून म्हणाले, “घे.” त्या दिवसाच्या चार शब्दांपैकी एक माझ्यावर खर्च झाला.

त्या उन्हाळ्यात माझ्याइतकी श्रीमंत पोर गोंदियापासून दिल्लीपर्यंत नव्हती. दुपारी मोठीआई झोपली की मी छपरीतल्या खांबाला टेकून नाणी मांडायची. बाहेर मोहाची वाळत घातलेली फुलं उन्हात आंबट-गोड वास सोडत असायची. घरात झिंग्याची चटणी वाटलेल्या पाट्याचा वास. दूर रुळावरून गाडी गेली की ताटल्या थरथरायच्या, आणि मग पुन्हा असं सामसूम व्हायचं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज यावा. नाण्यांवर हिरवी-काळी साय धरलेली होती, तळ्यातल्या दगडावर शेवाळ धरतं तशी. पण तिरप्या उजेडात धरलं की त्या सायीतून माणसं वर यायची. एक राजा होता, कपाळावर मोत्यांची पट्टी बांधलेला, नाक असं की त्यावर कावळा बसावा. तो पाच नाण्यांवर होता. प्रत्येकावर थोडा वेगळा, जसा काही रोज वेगळ्या बाजूनं झोपून उठलेला. मागच्या बाजूला दोन शिपाई भाले टेकून उभे आणि त्यांच्या मधे झेंडा. दोघंही झेंड्याकडे बघताहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. ते मला आमच्या घरातल्यासारखे वाटायचे. एकावर घोड्यावरून पडलेला माणूस हात वर करतोय आणि दुसरा त्याला भाला खुपसतोय. एकावर पंखवाली बाई नावेच्या टोकावर उभी होती. तिला पोहता येत असेल का, पंख असताना नाव कशाला, यावर मी तीन दुपारी विचार केला.

आणि एकावर ती होती. डोक्याला टोप, टोपावर पिसांचा तुरा, मंडईच्या जत्रेतल्या नाटकात सेनापती घालतो तसा. पण चेहरा पोरीचा. हनुवटी पुढे काढलेली, कोणी ‘बकरीची’ म्हटलं तर ठेवून देईन अशी. तिच्या डोक्याभोवती अक्षरं होती. पाचवीत आम्हाला नुकतीच एबीसीडी सुरू झाली होती. एका बाजूला चार अक्षरं, दुसऱ्या बाजूला चार. मी दोन दिवस बसून लावली: उर्बस. रोमा. मला काही कोडं पडलं नाही. शाळेच्या हजेरीत सगळ्यांची नावं अशीच असतात, आडनाव आधी आणि नाव मागून. पटले सुलोचना. उर्बस रोमा. आमच्याकडे रोमा नाव काही नवं नव्हतं. गोंदियात कापड-दुकानवाल्यांच्या घरी एक रोमा होतीच. उर्बस हे आडनाव ऐकलं नव्हतं, पण रायपूरकडे काय काय आडनावं असतात!

मग मी रोमाला उलटी केली. मागच्या बाजूला एक चार पायांचं जनावर उभं होतं, मान वळवून मागे बघत. त्याच्या पोटाखाली दोन लहान पोरं बसलेली, आणि दोघांनी तोंडं वर करून त्याला लावलेली. वर दोन चांदण्या. बकरी! दुसरं काय असणार? कोण्या गावात, कोण्या काळात, रोमा आणि तिचा भाऊ बकरीच्या दुधावर वाढले होते, आणि तिथल्या लोकांनी “म्याँ” न करता त्याचं नाणं पाडलं होतं. वर चांदण्यासुद्धा काढल्या होत्या.

त्या दिवसापासून मी रोमाशी बोलू लागले. आणि इथे एक गोष्ट लिहून ठेवते, जी माझ्या मुलालाही खरी वाटणार नाही: रोमाला मी एकही थाप मारली नाही. म्हशीला एकच डोकं आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. वाघ मी पाहिलेला नाही, आणि आईचा चेहरा मला आठवत नाही, हे सांगितलं. बाबा नेणार नाहीत हे मला कळलेलं आहे, पण ते म्हणतात तेव्हा मी मान डोलवते, नाहीतर त्यांचं तोंड पाहवत नाही, हेही सांगितलं. भात खाताना ती माझ्या ताटाच्या कडेला असायची, टेंभरं वेचायला जाताना ओच्याच्या गाठीत. मोठीआई समोर असली तरी मला मोठ्यानं बोलता यायचं, तिला माझे ओठ हलताना दिसले तर ती कौतुकानं ओरडायची, “पाडे पाठ करून राह्यली वाटते!” मोठेबाबा तिथेच दोर वळत बसलेले असायचे. त्यांना मी खांबात धरायची.

माझा नातू परवा मोबाइलवर ते नाणं काढून दाखवत होता. हुबेहूब तेच, कोण्या परदेशी म्युझियममधलं. म्हणाला, “आजी, ते ‘अर्ब्ज रोमा’ आहे. म्हणजे रोम शहर. शहरालाच बाई करून दाखवलंय.” शहर! म्हणजे सगळा उन्हाळा मी एका शहराशी बोलत होते. मी त्याला म्हटलं, “बाळा, तुमच्या गोंदिया शहराशी पाच मिनिटं बोलून दाखव, हॉर्नशिवाय दुसरं उत्तर मिळतं का पाहा. माझी ऐकून तरी घ्यायची.”

घात केला गुरुजींनी. आमचे गुरुजी वर्ध्याकडचे. शाळेच्या मागच्या खोलीत एकटे राहत, हातानं करून खात आणि पोळ्या जाळत. फार चांगला माणूस. शाळा उघडण्याच्या आधी पटावर नावं चढवायला घरोघर फिरत होते, तेव्हा छपरीत मांडलेली नाणी त्यांनी पाहिली आणि खालीच बसले. खिशातून भिंग काढलं. एकेक नाणं उलटंपालटं करून पाहिलं.

“सुलोचना, हे कुठून आणलं? अगं, हे रोमचं आहे!”

“हाव,” मी म्हटलं. “रोमाचंच आहे.”

“तुला माहीत आहे?” ते थक्क झाले.

“मले नाई तं कोनाले माईत रायन? आन् थे तिची बकरी.”

“बकरी नव्हे ती. लांडगीण आहे.” मग त्यांनी मला गोष्ट सांगितली: दोन जुळी पोरं, नदीत सोडून दिलेली, लांडगिणीनं आपलं दूध पाजून वाचवलेली, पुढे त्या पोरांनी शहर वसवलं. मी ऐकत होते आणि माझी छाती फुगत होती. लांडगीण! रोमानं ही गोष्ट माझ्यापासून लपवली याचा थोडा राग आला, पण तिचं बरोबर होतं. मीही शाळेत लगेच सगळं सांगत नसते.

गुरुजींनी नाणी मोजून रुमालात बांधली, देवाच्या कोनाड्यात ठेवायला लावली आणि नागपूरच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं: ‘अकरा नग’. ते मला पत्र वाचून दाखवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता, जसा पोळी न जळता झाली की असायचा. पंधरा दिवसांत उत्तर आलं. बुधवारी साहेब येणार. इतकी जुनी नाणी असतील तर सरकारजमा होतील, नागपूरला काचेच्या पेटीत राहतील.

“सगळी?” मी विचारलं.

“सगळी. तुझं नाव खाली लिहितील कदाचित!”

माझं नाव घेऊन मी काय करू? ते तर माझ्याकडे होतंच. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे दोन भाकरी कमी खाल्ल्या. रोमाला लपवावं, तर पत्रात अकरा लिहिलेलं. हरवली म्हणावं, तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? सगळ्या गावाला माहीत होतं की सुली फेकते. मंगळवारी दुपारी मी कोनाड्यापाशी बसले असताना माझी नजर देवाच्या तांब्यावर गेली. तो तांब्या मोठीआईच्या सासूच्या सासूचा. वर्षभर काळाठिक्कर असायचा, आणि अकतीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मोठीआई त्याला चिंच, राख आणि विटेचा भुगा लावून घासायची. अर्ध्या तासात तो असा निघायचा, जसा आजच गोंदियाच्या बाजारातून आणला. त्याच्याकडे पाहून कोणी म्हणेल का की हा म्हातारा आहे?

बस्स. साहेबाला जुनं पाहिजे ना? आपण नवं करून ठेवू. साहेब पाहील, हसेल, म्हणेल, अरे हे तर आत्ताचं, आणि निघून जाईल. रोमा राहील. एवढी हुशार युक्ती मला आयुष्यात पुन्हा सुचली नाही, आणि बरंच झालं.

तर मी गोठ्यामागे बसले. मोठीआई चिंच शोधत गोठ्याकडे येत होती, म्हणून घाई झाली. एकेक करायला वेळ नव्हता. भांडी घासतात तशी सगळी एकदम घेतली, लेप लावला, शेंडीनं रगडलं, पुन्हा कोळात बुडवलं, पुन्हा रगडलं. हिरवं पाणी बोटांवरून वाहत होतं. मी म्हणत होते, “रोमा, डोरे मीट वं, राख जाईन.” मग सगळी उचलून म्हशीच्या पाण्याच्या टाकीत धुतली आणि हात उघडला.

अकरा लाललखलखीत बटणं. आधी वाटलं राख राहिली असेल. पुन्हा धुतली. परकराला पुसली. उन्हात तिरपी धरली, सरळ धरली. बादशहाचा एक कान राहिला होता. कोण्या शिपायाचा एक पाय होता. पंखवाली बाई तिच्या नावेसकट बुडाली होती. अकरांतली रोमा कोणती, हे शोधायला मला संध्याकाळ झाली. मग सगळी रुमालात बांधून पुन्हा कोनाड्यात ठेवली.

बुधवारी साहेब जीपनं आले. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मोठीआईनं वांगी-झिंग्याची भाजी केली होती, आणि ती साहेबांच्या कानात ओरडून वाढत होती, “लाजू नोका! आपलंच घर समजा!” साहेबांचा चष्मा त्या आवाजानं नाकावरून घसरत होता. जेवण झालं. गुरुजींनी कोनाड्यातून रुमाल आणला, देवासारखा दोन्ही हातांत धरून, आणि साहेबांसमोर सोडला.

  साहेबांनी एक उचललं, भिंगातून पाहिलं, ठेवलं. दुसरं उचललं.

“काय आहे हे, मास्तर?”

“साहेब, परवापर्यंत... साहेब, लांडगीण होती. मी स्वतः पाहिली. अक्षरं होती साहेब!”

“असेल,” साहेब म्हणाले. “तांबं आतून कधीच संपलेलं असतं हो. चेहरा जो असतो तो त्या वरच्या हिरव्या कातडीत असतो. ती काढली की काय राहतं? कोणी घासली ही?”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन थापा तयार होत्या; त्यांतल्या एकीत तर माकड होतं. पण मोठीआईनं साहेबांना नाणं बोटात धरून माझ्याकडे बघताना पाहिलं, चकाकणारं नाणं पाहिलं, काल राखेनं माखलेले माझे हात तिनं पाहिलेच होते. तिची छाती अभिमानानं भरून आली.

“आमच्या पोरीनं घासली!” ती गरजली. “चिंच लावून! लई कामाची आहे! पाहा ना, कशी आरशावानी केली!”

साहेब हसले नाहीत. नाणी रुमालात तशीच गुंडाळली आणि माझ्याकडे सरकवली. “ठेव बाळ, खेळायला.” जीप गेली. गुरुजी अंगणात उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “सुलोचना, मला विचारायचं तरी,” आणि आपल्या खोलीकडे चालायला लागले. त्या पावसाळ्यात त्यांची बदली झाली. मी त्यांच्याशी नीट कधी बोललेच नाही. आज या पानावर सांगते: गुरुजी, मी ती जुनी म्हणून नव्हती घासली. मला ती पाहिजे होती.

म्हणजे युक्ती जमली होती. साहेब गेले, रोमा राहिली. मी रात्री तिला उशाशी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी छपरीत खांबाला टेकून बसले, तिला तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, “रोमा.” ते बटण होतं. गुळगुळीत, गरम, माझ्याच बोटांचा वास येणारं. मी आणखी दोन-तीनदा हाक मारली. कोणाला सांगू नका, पण पहिल्यांदाच मला ऐकू आलं की छपरीत एकटी पोर मोठमोठ्यानं बोलते तेव्हा तो आवाज कसा येतो. मी उठले आणि बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, गेले. मोठेबाबा पारीची माती कुदळीनं नीट करत होते. पाणी यायच्या आधी ते काम करावंच लागतं. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, “मोठेबाबा, रोमा गेली.”

मला वाटलं, ते विचारतील, कोण रोमा? मग मी सगळं सांगेन, आणि सांगता सांगता रडेन. त्यांनी कुदळ थांबवली.

“आन् बकरी?”

म्हणजे खांबाला सगळं ऐकू येत होतं. “बकरी नोहती थे. लांडगीन होती.”

“हाव. लांडगीन. आन् तिचे थे दोन पोट्टे?”

“थेही गेले.” मी मूठ उघडून नाणं पुढे केलं. “नुसती शेपटी रायली, मोठेबाबा. एवढीशी. इकडून पाह्यली तं दिसते.”

त्यांनी नाणं घेतलं. अंगठ्यानं पुसलं, वळवलं, उन्हात धरलं, बराच वेळ. मग ते माझ्या हातात ठेवून त्यांनी कुदळ उचलली.

“मंग शेपटीसंग बोल.”